मेव्हण्याची कवळी

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे ते बघत नसत. तोंडाकडे बघत.

नाव विसरत, जबडा विसरत नसत. रस्त्यात कोणी हात केला की आधी पुटपुटत, "खालचा पूर्ण, दोनशे चौदा." मग हसून विचारत, "काय, बरं आहे ना?"

वर्तमानपत्रात कोणी हसताना दिसले की पेन घेऊन त्याचे दात मोजत.

चहाच्या कपाची कड अंगठ्याने पुसून मगच ओठाला लावत. त्यांच्या नखांत कायम गुलाबी मेण असे. पुसल्यावर कप जास्तच मळे.

प्लास्टर घट्ट व्हायला दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढा वेळ हाताची घडी घालून उभे राहत आणि कोणाशीही बोलत नसत.

स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. गिऱ्हाइकांसमोर त्यांना त्याची लाज वाटे. तोंड मिटून हसत.

पत्त्यांचा डाव हरले की हात धूत. जिंकले की नाही.

आम्ही त्यांना मेणकाका म्हणायचो. चौतीस वर्षे ते कवळ्या बनवत होते. त्यांच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहतो. साहित्यात एम.ए. केले आणि आता एका छापखान्याची मुद्रिते तपासतो. ते मला 'एम.ए.' अशीच हाक मारत. माझ्या वडिलांपेक्षा मोठे होते, तरी मित्र होते. जे झाले ते माझ्यासमोर झाले.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे खिडकी, खिडकीखाली त्यांचे टेबल. टेबलावर मेणाच्या पट्ट्या, कानशी, पितळी साचे, ते आवळायचा लोखंडी शिकंजा. कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि साचे उकळायचे पातेले. मागच्या भिंतीला छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलने आकडा. त्यांतले कितीतरी लोक मरून गेले होते. त्यांचे जबडे मेणकाका फेकत नसत. म्हणत, "राहू दे. ते काय खायला मागतात?"

खोली दोघांची होती. अर्धी मेणकाकांची, अर्धी मेव्हण्याची. मेव्हणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. बावीस वर्षांपूर्वी दोघांनी मिळून ती घेतली. मेणकाका कवळ्या बनवत. मेव्हणा दवाखान्यांतून मापे गोळा करून आणे आणि तयार कवळ्या पोचवे. दवाखाने बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. "भावजी बसून दात घासतात आणि मी जिने घासतो," हे त्याचे ठरलेले वाक्य.

त्याच्या स्वतःच्या तोंडातही मेणकाकांनीच केलेली कवळी होती, वरखाली पूर्ण. पन्नाशीतच त्याचे सगळे दात गेले. "आमची चालती-बोलती पाटी," मेणकाका लोकांना सांगत आणि त्याला ओठ वर करून दाखवायला लावत. तो दाखवी. त्याला ते आवडत नसे, हे मला दिसायचे.

शनिवारी दुपारी दोनला काम बंद व्हायचे आणि त्याच टेबलावर पोकर सुरू व्हायचा. आम्ही चौघे. ते दोघे, नाक्यावरचा औषधवाला आणि मी. खेळ सोपा आहे. प्रत्येकाच्या हातात दोन बंद पाने. मध्ये पाच पाने, टप्प्याटप्प्याने उघडायची. हातातली आणि मधली मिळून ज्याची पाच भारी, त्याचा डाव. दर टप्प्याला बोली लागते. समोरच्याने मोठी बोली लावली की दोनच वाटा. तेवढेच लावून त्याची पाने बघायची, नाहीतर आपली टाकून मोकळे व्हायचे. तो खरा आहे की थाप मारतोय, हे ज्याचे त्याने ओळखायचे.

पैशांनी खेळत नसू. रंग चुकलेल्या, कड उडालेल्या दातांचा एक डबा होता. समोरचा दात एकाला, सुळा पाचाला, दाढ दहाला. आणि एक नियम होता. ज्याने पाने टाकली त्याने डाव संपेपर्यंत तोंड उघडायचे नाही. नियम औषधवाल्याने केला होता. तो सोडून सगळे पाळत.

मेणकाका बहुतेक शनिवारी जिंकत. मेव्हणा बहुतेक शनिवारी हरे. एकदा दोघेच असताना मेणकाकांनी मला त्याचे कारण सांगितले.

"त्याला कवळी बसवली, त्यानंतर दोन महिन्यांनी तो म्हणाला, भावजी, खालची जरा वाजते. मी बघितलं. उजवीकडची मागची दाढ केसभर उंच राहिली होती. कानस लावायची, अर्ध्या मिनिटाचं काम."

"मग?"

"त्याच शनिवारी खेळताना त्याने मोठी बोली लावली. हातात काही नव्हतं. आणि टक. जिभेने तो खालची कवळी ढकलतो, घाबरला की. ती त्या दाढेवर आपटते. इतका बारीक आवाज, तुम्हाला ऐकूही येणार नाही. मला येतो. माझंच काम आहे ना ते."

"मग कानस लावली नाहीत?"

"म्हटलं, सवय होईल." ते तोंड मिटून हसले. "झाली की."

मीही हसलो. ही चार वर्षे चाललेली गोष्ट होती.

गेल्या वर्षी कामे कमी झाली. दवाखाने मापे मोठ्या कारखान्यात पाठवू लागले, तिथे दात मशीन कापते. शेजारच्या टायरवाल्याला आमची खोली हवी होती. मेव्हण्याने विकायचे ठरवले. त्याचे गुडघे गेले होते आणि त्याचे काही चूक होते असे मला आजही वाटत नाही. मेणकाकांनी सही द्यायला नकार दिला. नकारही सरळ नाही. बघू म्हणत, पुढच्या महिन्यात बोलू म्हणत. सहा महिने असे गेले. मग मेव्हण्याने बोलणे टाकले. मापांची पेटी दारात ठेवायचा, तयार माल उचलायचा आणि निघायचा. शनिवारचा खेळही दोन महिने बंद पडला.

"तुमच्या भांडणात आमचा शनिवार का मारता?" असे म्हणून औषधवाल्याने दोघांना पुन्हा बसायला लावले.

त्या शनिवारी मेव्हणा वेळेआधीच आला. कारखान्याला कुलूप होते, मेणकाका घरी जेवायला गेले होते. त्याच्याकडे किल्ली होती, पण तो आत गेला नाही. जिना चढून माझ्याकडे आला. मी पाव खात होतो, अर्धा त्याला दिला. तो चावू लागला आणि दर घासाला टक, टक होऊ लागले.

"वाजतेय तुमची," मी म्हणालो.

"दोन महिने झाले. सैल पडली. जेवताना वाजते, बोलताना वाजते. बायको म्हणते, घोडा पाळलाय की काय."

"मग काकांना सांगा ना."

"सांगायचंच होतं रे. पण आमचं बोलणं कुठे आहे?"

कवळीखालची हिरडी हळूहळू झिजते आणि तीन-चार वर्षांत कवळी सैल होते. ती पुन्हा बसवून घ्यावी लागते. हे मला माहीत होते, कारण मेणकाका प्रत्येक गिऱ्हाइकाला हे सांगत. मी पावाचे तुकडे झाडले आणि आम्ही खाली उतरलो. दोन गोष्टी शेजारीशेजारी पडल्या होत्या. मी त्या जोडल्या नाहीत.

पहिले दोन डाव मेव्हण्याने लगेच टाकले आणि तो हाताची घडी घालून मुकाट बसला. मेणकाकाही त्याच्याशी बोलले नाहीत. रस्त्यावर टायरवाल्याचा पंप चालू होता.

तिसरा डाव औषधवाल्याने वाटला. मधली पहिली तीन पाने उघडली. बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी, किल्वरची राणी. मेणकाकांनी दोन दाढा लावल्या. मेव्हण्याने तेवढ्याच लावल्या. मी आणि औषधवाल्याने पाने टाकली. चौथे पान चौकटची पंजी. मेणकाकांनी पाच दाढा लावल्या. मेव्हण्याने त्याही लावल्या. पाचवे पान बदामाची दुर्री.

मी मेणकाकांच्या बाजूला बसलो होतो. पाने टाकलेल्याला ते आपली पाने दाखवत. त्यांच्या हातात दोन राजे होते. मधला धरून तीन. मध्ये जी पाने होती त्यांत तीन राजांना एकच गोष्ट मारू शकत होती. मेव्हण्याच्या हातात दोन्ही बदाम असले, तर त्याचे पाच बदाम होत होते.

मेव्हण्याने आपले सगळे दात मध्ये सरकवले. मग खिशातून कारखान्याची किल्ली काढली आणि दातांवर ठेवली.

"दात संपले माझे," तो म्हणाला. "आता हे. जिंकलात तर माझी अर्धी खोली तुमची. कागद करून देतो, एक पैसा मागणार नाही. मी जिंकलो तर सोमवारी मुकाट सही करायची."

औषधवाला म्हणाला, "अहो, असं नसतं."

"तुम्ही पानं टाकलीत. गप्प बसा."

"नियम माझाच आहे," औषधवाला म्हणाला, आणि गप्प बसला.

"आणि मी टाकली तर?" मेणकाकांनी विचारले.

"तर मधले दात माझे. खोली आहे तशी. भांडत बसू पुढे."

म्हणजे पाने टाकली असती तर वीस-पंचवीस खोट्या दातांपलीकडे काही जात नव्हते.

मेणकाकांनी पाने उलटी ठेवली आणि हाताची घडी घातली.  शेजारचा पंप थांबला होता. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि त्यांच्या मनातला हिशेब मला वाचता येत होता, कारण मीही तोच करत होतो. मेव्हणा धाडसी नाही. बावीस वर्षांत त्याने एकदाही उधळपट्टी केलेली नाही. दोन डाव त्याने चांगल्या पानांची वाट बघत टाकले. दोन मोठ्या बोल्या न कुरकुरता बघितल्या, म्हणजे तो कशासाठी तरी थांबला होता. तिसरा बदाम पडला आणि लगेच किल्ली खाली आली. लहान मुलानेही पाने टाकली असती.

"बघताय की टाकताय, भावजी?" मेव्हणा म्हणाला.

टक.

मेणकाकांची मान जराशी हलली. मला कळले की त्यांनी ऐकले. आणि त्या क्षणी मला वर खाल्लेला पाव आठवला.

"घाई काय आहे," मेणकाका म्हणाले. "चहा सांगू का? तुला साखर किती लागते हल्ली?"

त्याला चहा द्यायचा नव्हता. त्याला बोलायला लावायचे होते.

"विषय बदलू नका. साखर तेवढीच."

टक.

"गुडघे कसे आहेत?"

"तुम्ही कधी विचारलेत गुडघे? बघा नाहीतर टाका."

टक. टक.

मेणकाकांचा चेहरा सैल झाला. असा त्यांचा चेहरा एरवी कवळी पहिल्यांदाच बरोबर बसली की होई. ते माझ्याकडे वळले.

"काय एम.ए.? तुम्ही साहित्यवाले. तुम्हाला म्हणे माणसं वाचता येतात."

"त्याला विचारू नका," औषधवाला म्हणाला. "त्याने टाकलीत."

मी तोंड उघडले नाही. चार शब्द पुरले असते. ती सारखीच वाजते, काका. नियम होता म्हणून मी गप्प बसलो असे मी नंतर स्वतःला सांगितले. ते पूर्ण खरे नाही. चार वर्षे दुसऱ्याच्या तोंडात ठेवलेला कान आज फसतो की नाही, हे मला बघायचे होते.

"बघतो," मेणकाका म्हणाले. आपली किल्ली त्यांनी मेव्हण्याच्या किल्लीशेजारी ठेवली आणि तीन राजे मांडले. "तू कशाला लागतोस या खेळाच्या नादाला? तोंडावरून कळतं तुझं."

मेव्हण्याने पाने उलटली. बदामाचा गुलाम आणि बदामाची चौकी.

 मग मेव्हणा हसला. आधी हळू, मग मोठ्याने, आणि हसताना त्याची कवळी टक टक टक वाजत राहिली. औषधवाल्यालाही आता ऐकू येत होती.

"सैल झाली वाटतं तुमची," औषधवाला म्हणाला.

"दोन महिने झाले," मेव्हणा डोळे पुसत म्हणाला. "भावजींनाच दाखवायची होती."

मेणकाका त्याच्या तोंडाकडे बघत होते. किती वर्षे झाली कवळीला, हे ते मोजत असावेत. मग त्यांनी डबा जवळ ओढला आणि टेबलावरचे दात एकेक करून त्यात टाकू लागले. दाढा वेगळ्या, सुळे वेगळे. किल्ल्यांना त्यांनी हात लावला नाही.

घरी त्यांनी काकूंना सगळे सांगितले. का सांगितले ते मला माहीत नाही. आवाजाचेही सांगितले. बहुधा त्यांना वाटले असेल, बायको म्हणेल, जाऊ दे, मी भावाशी बोलते. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी दाराशी उभा होतो, मेणकाकांची कारखान्यात राहिलेली पिशवी पोचवायला आलेलो.

"म्हणजे चार वर्षं त्याच्या तोंडात तुम्ही खोट ठेवलीत," काकू म्हणाल्या. "मला दर शनिवारी सांगायचात, तुझा भाऊ आज पुन्हा हरला. मीही हसायचे. आणि आता हरलात म्हणून मला सांगताय?"

"खोली जाईल गं."

"जाऊ दे. त्याच्या गुडघ्यांना तरी बरं वाटेल."

त्यांनी आतून भावाला फोन लावला. सगळे बोलणे, त्या दाढेचेही, बाहेर ऐकू येत होते. मेणकाका खुर्चीत बसून ऐकत होते. मी पिशवी ठेवून निघालो.

सोमवारी सही झाली. महिनाअखेरीस खोली रिकामी करून द्यायची होती. मेणकाकांनी हातातली कामे उरकली. जबड्यांच्या फळ्या रिकाम्या करायला मी मदत केली. टायरवाला रोज एकदा येऊन टेप लावून भिंत मोजे आणि पोत्यांतले जबडे पाहून म्हणे, "काका, रस्त्यावरचे खड्डे भरायला चालतील हे."

मेणकाका म्हणत, "चालतील."

चार दिवस उरले असताना मेव्हणा आला. पुढच्या खुर्चीत बसला, दोन्ही कवळ्या काढून रुमालावर ठेवल्या. त्याचे तोंड आत गेले आणि तो एकदम म्हातारा दिसू लागला. बोलणे बोबडे झाले, पण शब्द कळत होते.

"जायच्या आधी ही बसवून द्या, भावजी. बाहेर कोणावर माझा भरवसा नाही."

मेणकाकांनी हात पुसले.

"आणि ती मागची दाढही बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे म्हणे."

मेणकाकांनी खालच्या कवळीत माप घ्यायचा लगदा भरला. "आ कर," म्हणाले. मेव्हण्याने तोंड उघडले. दोन्ही अंगठे त्याच्या जबड्यावर दाबून मेणकाका उभे राहिले, लगदा घट्ट होईपर्यंत. इतक्या जवळून ते दोघे एकमेकांकडे बघत होते. मेव्हण्याला बोलता येत नव्हते. 

"उद्या संध्याकाळी ये," शेवटी ते म्हणाले. "तोवर पातळच खा."

"चार वर्षं मला वाटायचं, माझं नशीबच फुटकं," मेव्हणा दारातून म्हणाला. "बायकोला म्हणायचो, माझ्या हाताला यश नाही. पोराच्या धंद्यात पैसा घालायचा होता, तोही घातला नाही मी." दारापुढच्या दोनच पायऱ्या, पण त्याही तो जिना असल्यासारखा, एकेकीवर दोन्ही पाय ठेवत उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली गेलो तेव्हा मेणकाका साच्यात प्लास्टर ओतत होते. कवळी आत बसली. वरचा भाग चढवला. साचा शिकंज्यात ठेवला आणि दांडा फिरवला, आणखी फिरवला, फिरेनासा होईपर्यंत. आता साचा उकळून आतला कवळीचा गुलाबी माल घट्ट करायचा तेवढा राहिला होता. त्यांनी एप्रन काढून खिळ्याला अडकवला.

"येतोच," म्हणाले.

ते आले नाहीत. तीन दिवसांनी काकूंना फोन आला, दुसऱ्या गावातून. तिथल्या मोठ्या कारखान्यात काम मिळाले होते. चाळीस माणसे एका ओळीत बसतात. मेणकाकांकडे फक्त पॉलिशचे काम आहे. दात बनवला कोणी आणि जाणार कोणाच्या तोंडात, ते कळत नाही. आकडेही मशीन घालते. काकू गेल्या नाहीत. मी एकदा फोन केला. त्यांनी विचारले, "कोण?" मी म्हणालो, "एम.ए." ते म्हणाले, "कामावर आहे," आणि फोन ठेवला.

मेव्हणा भाताची पेज पीत होता. त्याने दुसऱ्या एका कारागिराला बोलावले. कारागिराने साचा उचलून पाहिला आणि परत ठेवला. आत माल भरलाय की नाही ते ज्याने भरला त्यालाच माहीत, म्हणाला. उघडताना मोडली तर माझ्यावर नको.

टायरवाल्याने बाकी सगळे हलवले. ते टेबल तेवढे अजून खिडकीखाली आहे, मेव्हणा हलवू देत नाही. साचा शिकंज्यात आवळलेला आहे. शेगडीवर पातेले आहे, त्यात पाणी भरून ठेवलेले आहे. काडीपेटी शेजारी आहे. शेगडी पेटवलेली नाही.